दंगल शमल्यानंतरचे सहा महिने: मदतीने गाव पुन्हा फाटू नये म्हणून

संचारबंदी उठते, राज्य राखीव दलाच्या गाड्या माघारी जातात, आणि मग मदत येऊ लागते. शेजारच्या शहरातून धान्याचा ट्रक येतो, कुणी ब्लँकेटं पाठवतं, एखादा पुढारी धनादेशासोबत फोटो काढून घेतो. दोन-तीन आठवड्यांत गावात नवी कुजबुज सुरू होते: ‘त्यांनाच मिळालं, आपल्याला कुणी विचारलंसुद्धा नाही.’ पुढच्या भांडणाची पेरणी बऱ्याचदा इथेच होते.

खान्देशाला हा विषय परका नाही. मे १९७० मध्ये जळगाव पेटलं होतं आणि त्याची चौकशी न्यायमूर्ती मादन आयोगाने केली. धुळ्यात ऑक्टोबर २००८ मध्ये आणि पुन्हा ६ जानेवारी २०१३ रोजी दंगल झाली. २०१३ च्या दंगलीचं निमित्त हॉटेलच्या बिलावरून झालेला वाद होतं आणि पोलीस गोळीबारात सहा जणांचा जीव गेला. १ जुलै २०१८ रोजी साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच निरपराध माणसांना जमावाने ठार मारलं.

यादवी युद्धातून बाहेर पडलेल्या देशांमध्ये आंतरराष्ट्रीय संस्थांनी गेल्या तीस-पस्तीस वर्षांत शांतता-उभारणीची एक पद्धत घडवली आहे. २००५ च्या अखेरीस संयुक्त राष्ट्रांनी त्यासाठी वेगळा आयोग नेमला, पाठोपाठ निधी उभारला, आणि बुरुंडी व सिएरा लिओन हे पहिले दोन देश हाती घेतले. चोपडा, शिरपूर किंवा नंदुरबारला हा निधी येणार नाही. यादवी युद्ध आणि तालुक्यातली दंगल यांचा आकारही सारखा नाही. पण तुटलेली माणसं आणि मर्यादित मदत यांचं गणित दोन्हीकडे एकच असतं, आणि तिकडच्या चुकांची किंमत आधीच मोजली गेली आहे. शांतता समितीचे सदस्य, सरपंच, नगरसेवक, शिक्षक आणि संस्थांचे कार्यकर्ते यांना हाताशी ठेवता यावं म्हणून पुढचा क्रम दिला आहे.

पहिले तीन दिवस: निवारा, पाणी, अफवा

घर जळालेली किंवा भीतीने बाहेर पडलेली कुटुंबं जिल्हा परिषदेच्या शाळेत, मंगल कार्यालयात, मशिदीच्या किंवा मंदिराच्या आवारात जमतात. जगभरच्या मदतसंस्था स्फिअर मानकं नावाचे किमान आकडे पाळतात. त्यानुसार माणशी रोज १५ लिटर पाणी, माणशी साडेतीन चौरस मीटर छपराखालची जागा, २० माणसांमागे एक संडास आणि २५० माणसांमागे एक नळ लागतो. दोनशे माणसांचा हिशोब केला तर रोजचं ३,००० लिटर पाणी, ७०० चौरस मीटर जागा आणि दहा संडास होतात. सामायिक संडासांत तीन बायकांसाठी तर एक पुरुषांसाठी, हे प्रमाण ठेवा. शाळेत बहुधा चार-पाचच संडास असतात, म्हणून नगरपालिकेकडे फिरत्या शौचालयाची मागणी पहिल्याच दिवशी लेखी करा. एप्रिल-मे असेल तर १५ लिटर पुरत नाही. जळगाव-भुसावळच्या ४५ अंशांत पत्र्याखाली माणूस पाण्याविना टिकत नाही. टँकरच्या खेपा दुप्पट धरा. संडासाला आतून कडी आणि वाटेवर रात्रभर दिवा हवा. हे नसलं की बायका संध्याकाळनंतर पाणी पिणंच सोडतात, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी लघवीच्या त्रासाच्या तक्रारी सुरू होतात.

शिधा माणशी रोज २,१०० कॅलरींचा धरतात. पाच जणांच्या कुटुंबाला पंधरा दिवसांसाठी साधारण ३४ किलो धान्य, साडेचार किलो डाळ, दोन किलो तेल, सव्वा किलो साखर आणि अर्धा किलो मीठ लागतं. मिरची, हळद आणि काड्यापेटी वेगळी द्या. आपल्याकडे हमखास होणारी चूक अशी, की गहू-ज्वारी वाटली जाते आणि गिरणी बंद असते, किंवा गिरणीकडे जाणारा रस्ता ‘त्यांच्या’ मोहल्ल्यातून जातो. अशा वेळी पीठच द्या. भांडी जळालेल्या घराला तवा, पातेलं आणि शेगडीही लागते.

अफवेसाठी वेगळी तीन-चार माणसं नेमा. त्यांचं एकच काम: फिरत असलेला संदेश टिपायचा, पोलीस ठाण्याला किंवा तलाठ्याला फोन करून खातरजमा करायची आणि तासाभरात खरं काय ते दोन्ही वस्त्यांत एकाच मजकुराने पोहोचवायचं. नुसतं ‘अफवांवर विश्वास ठेवू नका’ म्हणून काही होत नाही. ‘अमुक मुलगा बेपत्ता नाही, तो मामाकडे आहे, त्याच्या वडिलांशी बोलणं झालं आहे’ असं नेमकं सांगावं लागतं. राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. त्याने वेग कमी झाला, पण घराघरात उच्चारलेल्या शब्दाला ती मर्यादा लागू नाही.

यादी: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

डिसेंबर २००३ मध्ये लायबेरियात लढवय्यांकडून शस्त्रं जमा करून घेण्याचं काम सुरू झालं. राजधानीजवळच्या तळावर अंदाजापेक्षा कितीतरी जास्त माणसं आली, तयारी अपुरी होती, पैसे हातात पडेनात, आणि शहरात गोळीबार झाला. काम थांबवून एप्रिल २००४ मध्ये पुन्हा सुरू करावं लागलं. सुमारे ३८,००० लढवय्ये धरले होते, अखेर नोंद झाली एक लाखाच्या वर. शस्त्रं मात्र २८,००० च्या आसपास. पात्रतेची अट सैल होती, म्हणून कमांडरने ज्याचं नाव सांगितलं तो लढवय्या ठरला. जे खरे लढले त्यांतल्या पुष्कळ बायका आणि मुली मागे राहिल्या, कारण त्यांची बंदूक दुसऱ्याने जमा केली होती.

आपल्याकडे कमांडर नसतो, पण वॉर्डातला वजनदार माणूस असतो. यादी एकट्या माणसाच्या तोंडून कधीही करू नका. दोन्ही समाजांतला एकेक आणि तिसरा बाहेरगावचा, अशी तिघांची जोडणी करा. बाहेरचा म्हणून शेजारच्या तालुक्यातला शिक्षक, आरोग्यसेविका किंवा बँकेतला कर्मचारी चालतो. तिघांत किमान एक बाई हवी. तिघांनी मिळून प्रत्येक घरी जायचं आणि तिघांच्या सह्या झाल्याखेरीज नोंद पक्की धरायची नाही.

फॉर्ममध्ये जातीचा, धर्माचा रकाना नको. कुटुंबप्रमुखाचं नाव, घरातल्या कर्त्या बाईचं नाव, माणसं किती, काय नुकसान झालं, रोजगार कोणता होता आणि तो किती दिवस बुडाला, कागदपत्रं कोणती गेली, एवढं पुरे. शक्य तिथे जळालेल्या वस्तूचा फोटो घ्या.

आता मुख्य गोष्ट. नुकसानीचे तीन थर करा. पहिल्यात मृत्यू, जखम, घर किंवा दुकान जळणं. दुसऱ्यात लुटालूट आणि मोडतोड: लोटगाडी, रिक्षा, यंत्रमाग, शेळ्या. तिसऱ्या थरात येतात ते लोक, ज्यांच्या घराला काहीच झालं नाही पण हातावरचं पोट थांबलं. यात बाजार समितीतले हमाल-मापाडी, जिनिंगमधल्या मजूर बायका, केळी कापणी आणि भराईच्या टोळ्या, यंत्रमागावरचे कामगार, भाजी विकणाऱ्या माळणी आणि बागवान सगळे आले. रावेर-यावलकडे आठवडाभर ट्रक थांबले तर घड झाडावरच पिकू लागतो आणि शेतकऱ्यासकट सगळी साखळी बुडते. हा तिसरा थर दोन्ही समाजांत पसरलेला असतो. त्याला थोडी का होईना, मदत दिली तर ‘त्यांनाच मिळालं’ या वाक्यातली हवा निघून जाते. श्रीलंकेत २००४ च्या त्सुनामीनंतर किनाऱ्यावरच्यांसाठी जगभरातून पैसा आला, आणि वर्षानुवर्षं युद्धाने विस्थापित झालेली माणसं काही मैलांवर बसून ते बघत राहिली. असा फरक मनात फार काळ राहतो.

पक्की यादी ग्रामपंचायतीत किंवा वॉर्ड कार्यालयात सात दिवस लावा. नाव, थर आणि रक्कम एवढंच लिहा. बाईवर अत्याचार झाला असेल तर ती नोंद या यादीत येता कामा नये. ती वेगळ्या, कुलूपबंद वहीत एकाच जबाबदार बाईकडे राहील आणि मदत घरपोच, बोभाटा न होता जाईल. हरकतीसाठी पेटी ठेवा, पण लिहिता न येणाऱ्यांसाठी रोज ठरल्या वेळी बसणारं माणूसही ठेवा. प्रत्येक हरकतीला सात दिवसांत ‘हो’ किंवा ‘नाही’ कारणासह सांगा. लोकांना ‘नाही’ पचतं. उत्तरच न मिळणं पचत नाही.

कागद: उशीर झाला की हक्क जातो

मदत वाटण्याच्या गडबडीत हे काम मागे पडतं आणि नंतर भरून निघत नाही. जखमीची नोंद सरकारी दवाखान्यात ‘एमएलसी’ (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवायची जखम) म्हणून झालीच पाहिजे. खाजगी दवाखान्यात टाके घालून घरी गेलेल्याला पुढे जखम सिद्ध करणं अवघड जातं. गुन्हा कुठल्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येतो आणि प्रथम खबरी अहवालाची प्रत फिर्यादीला फुकट मिळते. ती घेतल्याशिवाय ठाण्यातून निघू नका. ‘अज्ञात जमावाने’ एवढंच लिहिलेली फिर्याद पुढे टिकत नाही, तेव्हा ओळखलेली नावं, वेळ आणि जागा लिहून घ्या. न पाहिलेलं नाव मात्र एकही घालू नका. सूडापोटी घातलेलं एक खोटं नाव शंभर खऱ्या नावांची किंमत घालवतं.

पंचनामा होण्याआधी राख झाडू नका. घरच्यांना साफसफाईची घाई असते, तरी चारही बाजूंनी फोटो काढून तलाठी येईपर्यंत थांबायला सांगा.

दुकानाचा आगीचा विमा असेल तर नेहमीच्या पॉलिसीत दंगलीचं नुकसान बहुधा धरलेलं असतं. गाडीची सर्वंकष पॉलिसी असेल तरी तसंच, पण नुसत्या थर्ड पार्टीवर काही मिळत नाही. कंपनीला लगेच कळवा आणि पोच जपून ठेवा. कर्जावर घेतलेल्या रिक्षाची पॉलिसी बँकेकडे पडून असते आणि मालकाला ठाऊकही नसतं, म्हणून प्रत्येक कर्जदाराला बँकेत पाठवून चौकशी करायला लावा.

सांप्रदायिक हिंसेत मृत्यू झाला किंवा ५० टक्के किंवा त्याहून जास्त कायमचं अपंगत्व आलं, तर केंद्र सरकारच्या योजनेतून ५ लाख रुपये मिळतात. अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात करायचा. पीडित नुकसानभरपाई योजनेचा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जातो. जातीय अत्याचाराचा गुन्हा दाखल झाला असेल तर ॲट्रॉसिटी कायद्याच्या नियमांनुसार, गुन्ह्याच्या स्वरूपाप्रमाणे, ८५ हजारांपासून सव्वाआठ लाखांपर्यंत अर्थसाहाय्य आहे आणि ते टप्प्याटप्प्याने मिळतं. वांशिक हिंसा आणि जातीय अत्याचार यांच्या पीडितांना वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट न लावता. १५१०० हा त्याचा दूरध्वनी क्रमांक आहे.

वाटप कुणाच्या हातून, कुठे, कसं

१९९४ मध्ये रवांडातल्या नरसंहारानंतर लाखो लोक सीमेपलीकडे गोमाच्या छावण्यांत गेले. तिथे वाटप सोपं व्हावं म्हणून ते जुन्या पुढाऱ्यांच्या हाती दिलं गेलं, आणि ते पुढारी नरसंहार घडवणारेच होते. धान्यावर त्यांची सत्ता पुन्हा उभी राहिली. ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ची फ्रेंच शाखा त्याच वर्षी तिथून बाहेर पडली. पुढे मदतसंस्थांनी प्रत्येक कामाआधी दोन प्रश्न विचारायची शिस्त लावून घेतली: माणसांना तोडणारं इथे काय आहे, जोडणारं काय आहे? आणि आपण करतोय त्याने यातलं कोणतं बळकट होईल?

गावच्या नकाशावर हे अक्षरशः काढा. तोडणारी ठिकाणं म्हणजे दोन वस्त्यांमधली चौफुली, मिरवणुकीचा वाद असलेली गल्ली, दगड जमवलेली गच्ची, ठरावीक पानटपरी. जोडणारी म्हणजे आठवडे बाजार, एसटी स्टँड, जिनिंग, रेशन दुकान, सरकारी दवाखाना, दोन्हीकडची माणसं जातात तो दर्गा, एकत्र क्रिकेट होतं ते मैदान, सामायिक विहीर. वाटप नेहमी दुसऱ्या प्रकारच्या जागी करा. मंदिर-मशिदीत, पुढाऱ्याच्या बंगल्यावर किंवा पक्षाच्या कार्यालयात नको.

रांग एकच असू द्या. ‘आज यांची, उद्या त्यांची’ ही सोय वरवर शहाणपणाची दिसते, पण तिने फाळणीवर शिक्का बसतो. पहिल्या आठवड्यात खरोखर धोका असेल तर वस्तीत जाऊन वाटा, मात्र वाटणाऱ्या टोळीत दोन्हीकडची माणसं ठेवा. हिंदू वस्तीत पिंजारी पोराने पोतं उचलून दिलं, मोमीनपुऱ्यात पाटलाच्या मुलीने नाव पुकारलं, याचा परिणाम भाषणापेक्षा जास्त होतो. बॅनर नको, देणाऱ्याचा फोटो नको. घेणाऱ्याचा तर अजिबात नको.

बाजार चालू झाला की वस्तू थांबवा आणि पैसे द्या. रक्कम घरातल्या बाईच्या खात्यात गेली तर ती घरात खर्च होण्याची शक्यता जास्त. खातं बंद पडलं असेल तर आधी ते चालू करून घ्या. दुरुस्तीची मदत दोन हप्त्यांत द्या: निम्मी आधी, उरलेली काम दिसल्यावर. एकाच हप्त्यात दिलेली रक्कम सावकाराकडे जाते, कारण त्याचा तगादा पत्र्यापेक्षा आधी येतो.

पैसा कुठून घ्यायचा, कुठून नाही

समिती नोंदणीकृत संस्था नसेल तर वर्गणी गोळा करण्याआधी धर्मादाय आयुक्त कार्यालयाची महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१-क खाली परवानगी घ्यावी लागते. गणेश मंडळांना ही वाट माहीत असते. बँकेत दोन समाजांतल्या दोघांच्या संयुक्त सहीचं खातं उघडा आणि रोख शक्यतो घेऊच नका.

परदेशी पैशाबाबत फार जपा. एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी नियमन कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय परदेशी देणगी घेता येत नाही. २०२० च्या दुरुस्तीनंतर ती स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावी लागते, प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो, आणि एका संस्थेला ती दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. ‘मोठ्या संस्थेकडून आमच्या समितीला द्या’ हा जुना मार्ग म्हणून बंद आहे. मोठ्या संस्थेने स्वतः खर्च करायला हवा. आखातात नोकरीला असलेल्या, भारतीय पासपोर्ट असलेल्या गाववाल्याने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम परदेशी देणगी धरली जात नाही. तोच माणूस अमेरिकेचा नागरिक झाला असेल तर ती धरली जाते. प्रत्येक परदेशस्थ देणगीदाराच्या पासपोर्टची प्रत आधी मागा. भावनेच्या भरात हे राहून जातं आणि सगळी समिती अडचणीत येते.

बाजार आधी, भाषणं नंतर

केनियाच्या ईशान्येकडच्या वजीर जिल्ह्यात नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला सोमाली कुळांमध्ये रक्तपात चालू होता. तिथल्या बायकांनी, त्यांत पुढे जगभर ओळखल्या गेलेल्या देखा इब्राहिम अब्दी होत्या, सुरुवात बाजारापासून केली. कोणत्याही कुळाच्या बाईला बाजारात विकता आणि घेता आलं पाहिजे, हे त्यांनी ठरवलं आणि त्यावर पहारा ठेवला. वडीलधारी, तरुण आणि सरकार त्यानंतर जोडले गेले.

आपला आठवडे बाजार याच कामाचा आहे. पहिल्या बाजाराच्या आदल्या दिवशी दोन्ही समाजांतल्या पाच-पाच विक्रेत्या बायकांना एकत्र बसवा. कोण कुठे बसणार, कुठून येणार, किती वाजता उठणार हे त्यांनाच ठरवू द्या. सकाळी लवकर सुरू करून दुपारी तीनला आवरा. अंधार पडू देऊ नका. जळालेल्या लोटगाड्या त्याआधी दुरुस्त झाल्या पाहिजेत. बहिष्काराचे संदेश फिरत असतील तर ते पोलिसांकडे द्या, आणि गावातल्या चार प्रतिष्ठितांनी त्याच दुकानातून उघडपणे सौदा घ्यावा. व्यापाऱ्यांची उधारी थकलेली असते. पोळा, दिवाळी, रमजान जवळ असेल तर घाऊक व्यापाऱ्यांकडून किरकोळ दुकानदारांना दोन-तीन महिन्यांची मुदत मिळवून द्या. अनेक दुकानदारांना देणगीपेक्षा हीच मदत जास्त उपयोगी पडते.

मुलं आणि मन

शाळा लवकरात लवकर उघडा. निवारा शाळेत असेल तर आधी तो हलवा. मुलांना ‘काय पाहिलंस ते सांग’ म्हणून खोदून विचारू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या मानसिक प्रथमोपचाराचा क्रम साधा आहे: बघा, ऐका, जोडून द्या. झोप न लागणं, दचकणं महिनाभर टिकलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन लावून द्या.

बैठक आणि मिरवणूक

पहिली संयुक्त बैठक पंधरा दिवसांच्या आत घेऊ नका. आधी दोन्हीकडे वेगवेगळं बसा आणि राग बोलून घ्या. एकत्र बसाल तेव्हा विषय छोटा आणि हाताला लागणारा ठेवा: पथदिवे, नाला, नळाची वेळ, सीसीटीव्ही. ‘सलोखा’ या विषयावर बोलावलेल्या बैठकीत दोन्हीकडचे वक्ते भाषणं करून निघून जातात.

खान्देशात खरी परीक्षा मिरवणुकीची असते. उत्तर आयर्लंडमध्ये याच प्रश्नासाठी १९९० च्या दशकाच्या अखेरीस परेड्स कमिशन नेमलं गेलं. तिथे मिरवणूक काढणाऱ्याला २८ दिवस आधी मार्ग, वेळ, माणसं, वाद्यवृंद आणि स्वयंसेवक लिहून कळवावे लागतात. आपणही महिनाभर आधी लेखी ठरवा: वादग्रस्त ठिकाणी मिरवणूक किती मिनिटांत पुढे सरकेल, डीजे कुठे बंद होईल आणि कुठे चालू होईल, नमाजची वेळ कोणती, गुलाल कुठवर. प्रार्थनास्थळासमोर दोन्ही समाजांच्या स्वयंसेवकांची कडी उभी करा. ठरावावर मंडळाच्या अध्यक्षाची सही पुरेशी नाही. डीजेच्या मालकाची आणि ट्रॅक्टर चालवणाऱ्याचीही घ्या, कारण प्रत्यक्षात थांबणारे तेच असतात.

खटले, तरुण आणि साक्षीदार

‘झालं गेलं विसरा, केस मागे घ्या’ असा दबाव तिसऱ्या-चौथ्या महिन्यात येतो. खून, खुनाचा प्रयत्न, घर जाळणं हे गुन्हे गावकीत मिटवता येत नाहीत आणि तंटामुक्त समितीच्या कक्षेतही बसत नाहीत. दक्षिण आफ्रिकेच्या सत्यशोधन आयोगासमोर ज्यांनी गुन्हे कबूल केले त्यांतल्या काहींना माफी लवकर मिळाली, पण पीडितांना ३०,००० रँडची एकरकमी भरपाई २००३ मध्ये, म्हणजे कित्येक वर्षांनी दिली गेली. हा क्रम उलटा आहे. पीडिताची भरपाई आणि सुरक्षा आधी, समेटाची भाषा नंतर.

जामिनावर सुटून आलेल्या पोरांनाही वाऱ्यावर सोडू नका. मोझांबिकमध्ये १९९२ च्या करारानंतर माजी सैनिकांना दोन वर्षं ठरावीक पैसे मिळत राहिले, आणि तेही त्यांनी निवडलेल्या गावाजवळच्या बँकेत. टोळी पांगली, हाताला काहीतरी लागलं. आपल्याकडे कामाला लावताना दोन्हीकडच्या पोरांना एकाच साइटवर, एकाच मुकादमाखाली घ्या. पण पीडिताच्या घरासमोरच्या कामावर आरोपीला पाठवू नका, आणि आरोपीला मिळणारी मजुरी पीडिताच्या मदतीआधी सुरू होऊ देऊ नका.

साक्षीदार संरक्षण योजना २०१८ पासून देशभर लागू आहे. धमकी आली तर जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे अर्ज करता येतो; धमकीचा संदेश पुसू नका, त्याचा फोटो आणि तारीख जपा. खटला उभा राहीपर्यंत दोन-तीन वर्षं सहज जातात. तोवर समिती पांगलेली असते, भाडेकरू दुसऱ्या गावी गेलेले असतात आणि समन्स जुन्या पत्त्यावर परत येतं. म्हणून सहा महिन्यांनी हिशोब बंद करताना थोडी रक्कम साक्षीदारांच्या एसटी भाड्यासाठी आणि बुडालेल्या रोजासाठी बाजूला ठेवा, सगळ्यांचे नवे फोन क्रमांक लिहून घ्या आणि ती वही विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलाकडे सही घेऊन सोपवा.